दीड इंच दाब

दहीपुलाच्या उतारावर, भांड्यांच्या दुकानाला लागून
सहा बाय नऊचं आमचं निकुंभ टेलर्स.
पूर आला की मशीन माळ्यावर जातं,
मापाची वही त्याच्याही आधी.

त्या वहीत गाव आहे.
कोण कोणत्या साली किती फुगलं,
कुणाचा डावा खांदा उतरलेला,
कुणी पोट आत ओढून माप दिलं
आणि सत्काराच्या दिवशी श्वास सोडल्यावर
बटण थेट दुसऱ्या रांगेत गेलं,
सगळं ठाऊक. बोलत नाही.
शिंप्याच्या तोंडात टाचण्या असतात, ते बरं असतं.

त्र्यंबकनाना गायधनी आले ते डिसेंबरात,
द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटत होत्या तेव्हा.
"बंदगळा शिव. शाईचा रंग.
बोलू नको कुठे, सोडत अजून व्हायचीय."
छाती बेचाळीस. पोट चव्वेचाळीस.
"बेचाळीसच लिही," म्हणाले.
मी बेचाळीस लिहिलं आणि चव्वेचाळीस कापलं.

दुसऱ्या ट्रायलला, कच्च्या टाक्यात,
एक बाही अजून लागायची होती,
तर बिनबाहीचा हातच उंचावून ते
भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले, "नाशिककरांनो..."
मी गुडघ्यांवर बसून खडूने घेर आखत होतो.

मग मुंबईत कुणीतरी बरणीत हात घातला.
चिठ्ठीवर एकच शब्द:
महिला.

कोट तयार होता. हाताची काजं, सात.
दोन महिने हँगरवर, वर मलमलचं फडकं.
गिऱ्हाइकं विचारायची, नवरदेव कोण?

एका संध्याकाळी मंदाकिनीवहिनी आल्या.
एकट्या. गाडी रविवार कारंज्याला सोडून, पायी.
निवडून त्या आल्या होत्या;
फ्लेक्सवर नानांचा फोटो त्यांच्याहून बोटभर मोठा.
येवल्याहून तीन पैठण्या घरी आल्या होत्या,
रंग जाऊबाईंनी ठरवला होता,
भाषण नानांनी.

"तो कोट दाखवा."
दाखवला. अस्तरावरून हात फिरवला त्यांनी,
आतल्या खिशात बोटं घातली,
मग तळहात, मग मनगटापर्यंत.
"एवढा खिसा असतो होय यात?"
"दोन असतात. एक चष्म्याचा."
बराच वेळ हात बाहेर आला नाही.

"माझ्या मापाचा होईल?"
म्हटलं, होईल, पण खांदे उसवावे लागतील.
"उसवा."

पंचेचाळीस वर्षांत बाईच्या खांद्याचं माप
या वहीत चढलं नव्हतं.
टेप त्यांनीच धरली, आकडे त्यांनीच सांगितले,
पोट आत ओढलं नाही.
आलं ते लिहिलं.

समारंभ शेजारच्या भांडीवाल्याच्या टीव्हीवर पाहिला,
पितळी घागरींच्या मधून.
आंबा रंगाची पैठणी, वरून शाईचा बंदगळा,
पदरावरचे मोर झाकलेले,
एकाची चोच तेवढी बाहेर.
नाना पहिल्या रांगेत, पांढऱ्या सफारीत,
ओळखीचा माणूस दिसावा आणि नाव आठवू नये
तसे बघत बसलेले.
बोलायला उठताना वहिनींनी आतल्या खिशात हात घातला.
नाना जरा सावरून बसले, कागद निघणार म्हणून.
रुमाल निघाला.
चष्मा पुसला, घातला,
आणि मग कागदाशिवायच त्या बोलायला लागल्या;
काय ते ऐकू आलं नाही,
भांडीवाल्याकडे तेव्हाच कुणी कुकरची शिट्टी मागायला आलं.

एक सांगायचं राहिलं.
जास्तीचं कापड मी छाटलं नाही.
शिवणीच्या आत दुमडून ठेवलंय, दीड इंच, दोन्हीकडे.
तेव्हा मनात नाना होते, पुढेमागे मागतील म्हणून.
आता वाटतं, वहिनींनाच लागेल.

शिलाई अजून यायची आहे.
वहीत रक्कम लिहून ठेवलीय,
नावाची जागा कोरी.